जुने टेबल फॅन: भंगाराच्या भावात घ्यायचे, घरी चालू करायचे

गिरगावचा वारा

मंडळी, परवा रेडिओच्या धाग्यावर गाडी पंख्यांकडे घसरली आणि काही जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले: जुना पंखा कुठे मिळेल, कितीला घ्यावा, घेतल्यावर करायचं काय. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच टाकतो.

आधीच सांगतो, हा धागा पितळी पात्यांच्या विलायती पंख्यांचा नाही. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जे चकचकीत पंखे काचेमागे मांडलेले असतात ते जरूर बघा, दुकानदाराला विचारून फोटो काढा आणि पुढे चला. त्यांतले बरेचसे जुळवलेले असतात. पाया एकाचा, जाळी दुसऱ्याची, मोटर कालपरवाची आणि वर नवीन ओतलेली पाटी. पाटीवरची अक्षरं बोथट दिसली की समजायचं. दुसरी खूण स्क्रूची. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. '१९२० सालचा, साहेबाच्या बंगल्यातला' म्हणून सांगितलेल्या पंख्याला सगळीकडे फुलीचेच स्क्रू असतील तर साहेबाला नमस्कार करून निघावं.

मी घेतो ते साधारण १९५५ ते १९८५मधले देशी पंखे. क्रॉम्प्टन, उषा, ओरिएंट, जीईसी, रॅलीफॅन, खेतान, सिन्नी. बिडाचा किंवा जाड पत्र्याचा पाया, अ‍ॅल्युमिनियमची पाती, करडा नाहीतर पोपटी हॅमरटोन (हातोडीने ठोकल्यासारखा दिसणारा) रंग, १६ इंची जाळी. यांना कुणी 'अँटिक' म्हणत नाही, म्हणूनच ते परवडतात. भंगारवाला त्यात लोखंड किती आणि तांबं किती एवढंच बघतो. त्याच्या हिशेबाच्या थोडं वर गेलात तर तोही खूश, तुम्हीही खूश.

कुठे मिळतात? चोर बाजारात शुक्रवारी मटन स्ट्रीटची दुकानं बंद असतात, पण रस्त्यावर जुम्मा बाजार लागतो. पहाटे जायचं, टॉर्च न्यायचा. कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या आहेत. जहाजं मोडतात त्या दारूखान्यात जहाजांवरचे पंखे येतात, त्यांच्याबद्दल खाली कुणीतरी विचारणारच, तेव्हा बोलू. पण सगळ्यात चांगला माल मिळतो तो रीडेव्हलपमेंटला निघालेल्या बिल्डिंगीत आणि चाळीत. घरं रिकामी होताना माणसं पलंग नेतात, देव नेतात, पंखा मात्र जिन्याखाली ठेवून जातात. बीडीडी चाळींतली कुटुंबं संक्रमण शिबिरात हलली तेव्हा आसपासच्या भंगारवाल्यांकडे टेबल फॅनची रांग लागली होती.

आता मुख्य गोष्ट. रंग उडालाय, जाळी वाकलीय, वायर कुजलीय, बटण तुटलंय, हे सगळं घरी होतं. मोटर मात्र शाबूत हवी. उभ्या उभ्या तिथेच करायच्या तपासण्या:

पातं बोटाने फिरवा. हलकं फिरून हळूहळू थांबलं तर उत्तम. जड फिरत असेल तर बहुतेक वंगण वाळलंय, त्याला घाबरू नका. मध्येच एका जागी घासल्यासारखं अडकलं तर रोटर (मोटरचा फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) लागतोय, विचार करा.

शाफ्ट (पात्यांची फिरणारी दांडी) धरून वर-खाली हलवा. 'टक टक' लागलं तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, गेलाय. पुढे-मागे किंचित सरकला तर चालतं, तेवढी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते.

मागच्या झाकणाला नाक लावा. जळक्या वॉर्निशचा वास एकदा ओळखीचा झाला की आयुष्यभर विसरत नाही. वास आला तर तो पंखा फक्त सुट्या भागांसाठी घ्यायचा.

जवळ मल्टिमीटर असेल तर प्लगच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स बघा, बटण 'चालू'वर ठेवून. काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तुटलंय. बऱ्याचदा ते वायरीतच असतं.

आणि दुकानदार म्हणाला "लगाके दिखाता हूँ", तर चार पावलं मागे सरका. कुजलेल्या वायरीचा पंखा थेट २३० व्होल्टला लावणं हा त्याचा रोजचा धंदा असेल, आपला नाही.

परळचा पोपट

वाचनखूण साठवली. अवांतर: घरात दुसरा पंखा आणला तर तिसरी व्यक्ती घर सोडून जाईल असं सांगण्यात आलं आहे. गॅलरीत ठेवता येतात का हो?

गिरगावचा वारा

@पोपट, गॅलरीत नको. आपली हवा खारट, पावसाळ्यात वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, ओल धरतं. पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून. घरच्यांना सांगा, हार्मोनियम आहे.

ठाणे पश्चिम

हौस समजू शकतो, पण गणित करा की. बीएलडीसी (बिनब्रशच्या डीसी मोटरचा) सीलिंग फॅन ३० वॅटच्या आसपास चालतो. जुना सीलिंग फॅन ७०-८० वॅट खातो. सरकारने १ जानेवारी २०२३पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं केलं ते उगाच नाही. त्यात तुमचे ते लाकडी पेटीतले रेग्युलेटर! पंखा एकवर ठेवला की वीज वाचते अशी आमच्या तीर्थरूपांची समजूत होती. वाचलेली वीज त्या पेटीत तापून जायची, हात लावला तर चटका बसायचा.

गिरगावचा वारा

@ठाणे, रेग्युलेटरबद्दल शंभर टक्के. त्या पेटीत रेझिस्टन्सची तार असते, पंख्याचा वेग कमी केला की फरकाची बरीच वीज तिथे उष्णता होऊन जाते. म्हणून मी जुने सीलिंग फॅन घेत नाही, चोवीस तास चालवायला तर नाहीच. टेबल फॅनचं गणित वेगळं. तो एका माणसासाठी, दोन तास, समोर ठेवून लावायचा. आणि त्याच्या पायात वेग बदलायला असतं ते चोक, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली कॉइल. ती तारेच्या पेटीपेक्षा कितीतरी कमी तापते. अशा पंख्याला भिंतीवरचा इलेक्ट्रॉनिक डिमर मात्र लावू नका. गुंइंइं आवाज करेल आणि मोटर तापेल.

मेधा_पार्ले

नमस्कार. मी एरवी पाककृतींच्या विभागात असते, इथे पहिल्यांदाच लिहितेय. आजोबांचा एक टेबल फॅन माळ्यावरून खाली काढलाय. पाटी पितळी आहे, त्यावर क्रॉम्प्टन पार्किन्सन, बॉम्बे असं इंग्रजीत, १६ इंच, २३० व्होल्ट, ५० आणि पुढे सी, तिरकी रेघ, एस. हा किती जुना असेल? आई म्हणते तिच्या लहानपणापासून बघतेय. विकायचा नाहीये, चालू करायचाय.

गिरगावचा वारा

मेधाताई, सोन्यासारखी वस्तू आहे, कुणाला देऊ नका.

क्रॉम्प्टन पार्किन्सन ही मूळची इंग्लिश कंपनी, तिची मुंबईतली शाखा १९३७ची. १९६६मध्ये ग्रीव्हज कॉटनशी जुळणी होऊन क्रॉम्प्टन ग्रीव्हज झाली. कांजूरमार्ग स्टेशनहून दिसायचा तो यांचाच कारखाना. म्हणजे 'पार्किन्सन' नाव असलेला तुमचा पंखा ढोबळमानाने १९६६च्या आधीचा.

सी/एस म्हणजे सायकल्स पर सेकंद. त्याच्या जागी आलेलं हर्ट्झ हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६०मध्ये स्वीकारलं गेलं आणि मग पाट्यांवर हळूहळू उतरलं. इंचात माप आहे, मिलिमीटर नाही, ही तिसरी खूण. मेट्रिक झाल्यावर १६ इंचाच्या जागी ४०० मिमी दिसायला लागतं, मधल्या काळात दोन्ही छापलेलं असतं.

बाकीच्यांसाठी आणखी काही खुणा. आयएसआय ही मानकं ठरवणारी संस्था १९४७ची, तिचं बीआयएस झालं १९८७मध्ये. टेबल फॅनचं मानक आयएस ५५५. पाटीवर आयएसआयचा शिक्का असेल तर पंखा निदान पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा नंतरचा. खोकं किंवा माहितीपत्रक शिल्लक असेल तर पत्ता वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. पत्त्यात 'बॉम्बे' आणि पुढे नुसता एक-दोन आकडी विभाग असेल तर मजकूर बहुधा त्याआधीचा, सहा आकडे असतील तर नंतरचा.

ताई, एक करा. प्लग लावून बघू नका. आधी वायर बदलायची आहे.

लालबागचा वाइंडर

धाग्यात हवा भरली, आता जरा तेल घालतो. आमच्या बाबांचं वाइंडिंगचं दुकान होतं, मी शाळेतून आल्यावर कॉइली सोलायला बसायचो. त्यामुळे काही गोष्टी ठासून सांगतो.

पहिली, वायर. सुताची वेणी असलेली किंवा काळ्या रबराची वायर कितीही सुंदर दिसू दे, काढून टाका. आतलं रबर कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं आणि उघडी तार बिडाच्या पायाला टेकते. नवीन वायर तीन तारांची घ्या. जुन्या पंख्यांना बऱ्याचदा अर्थिंग नसतं, दोन पिनांचे असतात. हिरवी तार पायाच्या आत, रंग खरवडून, वॉशर घालून घट्ट आवळा. लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात सुती वेणीची नवीन वायर मीटरवर मिळते, आत चांगलं पीव्हीसी असतं. दिसायला जुनी, वागायला नवी. घेताना तीन तारांचीच मागा, शोभेच्या दिव्यांची दोन तारांची असते.

दुसरी, सिरीज बोर्ड. हा नसेल तर या छंदात पडू नका. १०० वॅटचा पिवळा बल्ब पंख्याच्या सिरीजमध्ये लावायचा. बल्ब मंद पेटून पंखा सुस्त फिरला तर सब ठीक. बल्ब पूर्ण ताकदीने पेटला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. अजिबात पेटला नाही तर सर्किट तुटलंय. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा, आणि तो आता शोधावा लागतो.

तिसरी, मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र. सिरीज बल्ब शॉर्ट दाखवतो, बारीक लीकेज दाखवत नाही. ५०० व्होल्टचा मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात लावा. दोन मेगाओहमच्या खाली आलं तर पंखा चालवू नका. पण लगेच रिवाइंडिंगलाही (नवी तार गुंडाळून घ्यायला) धावू नका! मुंबईत माळ्यावर वीस पावसाळे काढलेला पंखा ओला असतो. मोटर उघडून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची, बाजूला पिवळा बल्ब पेटता ठेवायचा, कागदाला किंवा वाइंडिंगला टेकणार नाही असा, आणि घरात कुणीतरी असतानाच. दिवसभराने पुन्हा मोजा. बऱ्याच मोटरी नुसत्या वाळवून सुधारतात.

चौथी, तेल. खोबरेल नको, सरसों नको, एरंडेल नको. आणि तो गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे, तो उडून जातो आणि जाताना बुशमधलं उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो. शाफ्टभोवती नमद्याचा वॉशर असतो, तो तेल पिऊन बुशला थोडं थोडं देतो. नमदा रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, मग एसएई २० दर्जाच्या साध्या तेलात बुडवून ठेवा. शिलाई मशीनचं तेल अगदीच पातळ, पण अडीनडीला चालतं, फक्त वरचेवर घालावं लागतं.

परळचा पोपट

खोबरेल का नको? आमच्याकडे शिलाई मशीन, सायकल आणि आजी, तिघांना एकच बाटली होती.

लालबागचा वाइंडर

@पोपट, आजीला चालेल. खोबरेल थंडीत थिजतं आणि एरवी हवेने हळूहळू चिकट होतं, मग पिवळा गोंद बनून बुशमध्ये बसतं. पंखा 'जड' झालाय म्हणून दुकानात यायचे त्यातले अर्धे खोबरेलाचे बळी असायचे.

हार्बर लाइन

माझा प्रश्न जवळपास तोच, ज्याची धागाकर्त्याने भविष्यवाणी केलीय, फक्त पंखा जहाजावरचा नाही. लोकलच्या डब्यातला जुना पंखा एकाने देऊ केलाय. गोल जाळी, जाड पत्रा, काय दणकट वस्तू आहे राव. घरात लावता येईल का?

गिरगावचा वारा

दोन अडचणी. एक विजेची. रेल्वे डब्यांतले जुने पंखे बहुतेक ११० व्होल्ट डीसीचे. घरच्या २३० व्होल्ट एसीला थेट लावलात तर धूर बघायला मिळेल. दुसरी कायद्याची. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६. रेल्वेचा शिक्का असलेली चोरीची वस्तू तुमच्याकडे सापडली तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि वस्तू कायदेशीर मार्गाने मिळाली हे तुम्हीच दाखवायचं असतं. रेल्वे भंगाराचे लिलाव करते, त्यात विकत घेतलेला माल बाजारात येतो, तो घ्यायला हरकत नाही. पण विकणाऱ्याकडे लिलावाचा कागद आणि तुमच्या नावाची पावती, दोन्ही हवं. "अरे साहब, सब लेते हैं" ही पावती नव्हे.

लालबागचा वाइंडर

कागद असेल तर वीज मी सांगतो. २३०चं १२० करणारा ट्रान्सफॉर्मर, दोन वाइंडिंग वेगवेगळी असलेला, एकाच वाइंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर नको. त्यापुढे एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर. कपॅसिटर न लावता ब्रिजमधून एसीच्या ०.९ पट सरासरी डीसी मिळतं, म्हणजे १२०चे १०८. पंखा खूश. ब्रिज आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतील, ट्रान्सफॉर्मर बांधूनही देतात. मात्र डीसी पंख्यात कम्युटेटर (शाफ्टवरचं तांब्याचं कडं) आणि त्यावर घासणारे कार्बन असतात. कार्बन झिजतात, त्यांची काळी पूड आत साठते, ती ब्रशने साफ करत राहावी लागते. जहाजावरच्या पंख्यांचंही तेच, त्यात २२० व्होल्ट डीसीवालेही असतात. पाटीवर डीसी लिहिलंय की एसी हे आधी वाचा, आकडा नंतर. २२० आकडा बघून घरी लावून मोकळे झालेले लोक दुकानात आलेले पाहिलेत.

हार्बर लाइन

कागद विचारला. तो माणूस फोन उचलत नाहीये. विषय संपला :)

धातूवेडा

पितळ येतंच शेवटी, म्हणून लिहितो. मेधाताईंच्या पंख्याची पाटी पितळी आहे आणि कुणाकुणाकडे पितळी पाती असतील. पितळ चमकवायला लोक अमोनियाचा उग्र वास येणारे द्राव वापरतात. पाटीपुरतं ठीक. पात्यांना नको. यामागे एक जुनी हकिगत आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश काळात सैन्याच्या काडतुसांची पितळी टरफलं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली असायची, आणि पावसाळा सरेपर्यंत त्यांना आपोआप चिरा गेलेल्या असायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ठोकून आकार दिलेल्या पितळात अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. त्याला नावच 'सीझन क्रॅकिंग' पडलं, सीझन म्हणजे आपला पावसाळा. उलगडा १९२१मध्ये झाला.

पंख्याचं पातंही ठोकून वळवलेलं पितळ असतं आणि वर मिनिटाला हजारभर फेरे घेतं. त्यामुळे रिव्हेटांच्या आसपास भिंगाने बघा. केसाएवढी चीर दिसली तरी तो पंखा शोकेसमध्ये, फिरवायचा नाही. साफ करायला पितांबरी किंवा चिंच पुरते, पण नंतर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. बफिंगवाल्याकडे दिलीत तर त्याला सांगून ठेवा, कडा घासू नकोस. कड पातळ झाली की पात्यांचं वजन बिघडतं आणि पंखा थरथरायला लागतो.

दादर_टीटी

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. तुम्ही लोक पंखे दुरुस्त करता की नवरीसारखे सजवता? हॅमरटोन काढून पावडर कोटिंग, पाटीला पॉलिश, जाळीला क्रोम. मग तो १९६०चा पंखा राहिला कुठे? माझ्याकडे एक खेतान आहे, जाळीवर गंजाचे डाग, पायावर कुणीतरी खिळ्याने 'शिंदे, खोली १४' कोरलंय. तेल घातलं, वायर बदलली, बस. ते 'शिंदे' मी मरेपर्यंत घासणार नाही.

गिरगावचा वारा

@दादर, 'शिंदे, खोली १४'साठी मी तुमच्याकडून तो विकत घ्यायला तयार आहे.

तत्त्वतः सहमत. जिथे रंग धरून आहे तिथे मी साबणपाणी आणि मेण यापलीकडे जात नाही. पण पोपडे सुटायला लागले असतील तर काढावेच लागतात, आणि तिथे सगळ्यांनी एक लक्षात घ्या. जुन्या रंगांत शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती १ नोव्हेंबर २०१७ला. त्याच्या कितीतरी आधीचा हा रंग. म्हणून कोरडं घासायचं नाही. पाण्याचा पॉलिश पेपर, ओलं घासणं, खाली वर्तमानपत्र, तोंडावर चांगला मास्क, आणि पोरांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत.

पावडर कोटिंगला देणाऱ्यांनी सगळं सुटं करून फक्त नुसता पत्रा आणि बीड द्यावं. भट्टी २०० अंशांच्या आसपास असते. आत राहिलेला फायबरचा वॉशर, नमदा, बेकेलाइटचं बटण, सगळ्याची राखरांगोळी होते. एका दुकानाने पाटीसकट कोट करून दिला होता, अक्षरं आता अंधांच्या लिपीसारखी बोटाने वाचतो.

मेधा_पार्ले

बरीच प्रगती आहे. भावाने तीन तारांची वायर घातली, अर्थिंग केलं, शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मेगर मारून घेतला, रीडिंग चांगलं आलं. सिरीज बल्बवर बल्ब मंद पेटला. पण पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. काडीने पातं ढकललं की मात्र फिरायला लागतो, आणि उलट दिशेने ढकललं तर उलट फिरतो! आई म्हणते आजोबांसारखाच आहे, ढकलल्याशिवाय उठत नाही.

लालबागचा वाइंडर

कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, गेला. ताई, अभिनंदन, सगळ्यात स्वस्त आजार निघाला. स्टार्टिंगच्या वाइंडिंगला कंडेन्सरमधून वीज जाते, ती गेली नाही की मोटरला दिशाच कळत नाही, जिकडे ढकलाल तिकडे फिरते. आता काडीने ढकलणं बंद करा, तसाच गुणगुणत ठेवलात तर वाइंडिंग तापेल.

पायाच्या तळाचं झाकण उघडा, आत नळकांडं किंवा चपटा डबा दिसेल. त्यावर किती मायक्रोफॅरड (कंडेन्सरचं माप) लिहिलंय ते वाचा आणि तेवढाच, ४४० व्होल्ट एसीचा नवीन आणा. दुकानदार म्हणेल "थोडा मोठा टाका, जोरात फिरेल". ऐकू नका. जास्त मायक्रोफॅरडने स्टार्टिंगच्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, ती हळूहळू भाजते आणि दोन उन्हाळ्यांनी रिवाइंडिंगचं गिऱ्हाईक तयार होतं. हे मी धंद्यातल्या माणसाचा मुलगा म्हणून सांगतोय, समजून घ्या. जुना डबा उघडायचा नाही, आतलं तेल हाताला लागू द्यायचं नाही. आणि काढण्याआधी प्लग काढून, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने दोन टोकं एकमेकांना टेकवा.

ठाणे पश्चिम

एक जबाबदार प्रश्न. या जुन्या जाळ्यांमधून अख्खा हात आत जातो. घरात दोन वर्षांचं पोर असेल तर?

गिरगावचा वारा

तर पंखा उंचावर, पोराचा हात पोचणार नाही असा. नाहीतर लावायचाच नाही. यात वाद नको. बाजारात पंख्याच्या जाळीवर चढवायची कापडी जाळी मिळते, ती लावता येते, वारा थोडा कमी होतो. शिवाय या पंख्यांत तापमान वाढलं की आपोआप तुटणारा फ्यूज नसतो. म्हणून प्लगमध्ये किंवा पायात एक अँपिअरचा फ्यूज घाला, घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असू द्या, आणि रात्री झोपताना तो लावून झोपू नका. रात्रीसाठी तुमचा तो बीएलडीसी आहेच की.

ठाणे पश्चिम

चला, बीएलडीसी मान्य झाला. धागा सत्कारणी लागला.

मेधा_पार्ले

फिरला! आणि वारा काय आहे हो, डायनिंग टेबलवरचं वर्तमानपत्र थेट हॉलमध्ये. आवाज जवळजवळ नाही, फक्त पात्यांचा घुं घुं. आई समोर खुर्ची टाकून बसलीय, उठायला तयार नाही.

दोन प्रश्न राहिले. मान हलवायची मागची गुंडी दाबली तरी मान हलत नाही. आणि तीनवर ठेवला की टेबलावरचे कप किणकिणतात.

लालबागचा वाइंडर

मानेचं आधी. मोटरच्या मागे एक छोटी पेटी असते. शाफ्टच्या शेवटी वर्म (स्क्रूसारखे आटे) कोरलेला असतो, तो आतलं चाक फिरवतो, चाक दांडीला, दांडी मानेला. पेटीतलं ग्रीस साठ वर्षांत मेणबत्ती झालेलं असणार. झाकण काढा, सगळं रॉकेलने धुवा, दात बघा. तुमच्या काळच्या पंख्यात चाक पितळी किंवा गनमेटलचं असतं, सहसा शाबूत निघतं. नंतरच्या पंख्यांत नायलॉनचं आलं, ते तडकतं. नवीन लिथियम ग्रीस भरा, पेटी ठासून नको, दात माखतील इतकंच. मान हाताने जबरदस्तीने वळवू नका, दात तिथेच तुटतात.

धातूवेडा

कपांचं मी सांगतो, ते असंतुलन. प्लग काढा. जाळीचा पुढचा भाग काढून एका पात्याच्या टोकाजवळ पट्टी उभी धरा आणि पाती हाताने फिरवून प्रत्येकाचं टोक पट्टीपासून तितक्याच अंतरावर जातंय का बघा. एखादं पुढे-मागे असेल तर ते कधीतरी पडून वाकलंय. देठाशी धरून हलक्या हाताने परत आणा, टोकाला धरून नाही. टोकं जुळूनही थरथर राहिली तर पाती काढून मधल्या भोकात विणायची सुई आडवी घाला. जे पातं दर वेळी खाली येऊन थांबतं ते जड. त्याच्या समोरच्या बाजूला, मागून, चिकटपट्टीचा तुकडा लावून बघा, मग जागा ठरली की कायमचं.

आणि पायाखालचे रबरी बूट तपासा. दगड झाले असतील तर संतुलित पंखासुद्धा टेबल वाजवतो. नागदेवी स्ट्रीटला तसले रबर मिळतात, जुना एक सोबत न्या.

मेधा_पार्ले

बूटच होते! चारपैकी एक जागेवरच नव्हता. भाऊ शनिवारी नागदेवीला जातोय. मानेची पेटीही त्यानंतर उघडू, रॉकेल आता कुठे मिळतं तेवढं कुणीतरी सांगा.

लालबागचा वाइंडर

रॉकेलच्या मागे लागू नका, मिनरल टर्पेंटाइन घ्या, कुठल्याही रंगाच्या दुकानात मिळतं. खिडकी उघडी, गॅस बंद. आणि पेटी उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आतला फायबरचा वॉशर कुठल्या बाजूला होता यावर भावाबहिणीत भांडण नको.